आपत्ती, नोंद आणि संशोधनसंस्था : परळ, हिरोशिमा व भोपाळ

मोठी आपत्ती ओसरली की तिच्या पाठोपाठ एखादी संशोधनसंस्था जन्मास येते, हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वारंवार आढळणारा क्रम आहे. या क्रमावरून एक समजूत रूढ झाली आहे. आपत्ती कितीही दारुण असली तरी तिच्यामुळे देशाची संशोधनक्षमता वाढते, अशी ती समजूत. संस्थांचे इतिहास, स्मरणिका आणि वार्षिक अहवाल ती पुनःपुन्हा सांगत असतात. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे. इमारत, उपकरणे व नेमणुका यांची बेरीज म्हणजे क्षमता नव्हे. एकदा विचारलेला प्रश्न, त्याचे उत्तर हाती येईपर्यंत, त्याच माणसांच्या बाबतीत पुनःपुन्हा विचारीत राहण्याची ताकद म्हणजे क्षमता, असा अर्थ येथे गृहीत धरला आहे. या अर्थाने पाहू गेल्यास आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत निराशाजनक, उदाहरण भोपाळचे होय. परंतु भोपाळकडे वळण्यापूर्वी दोन जुन्या उदाहरणांचा विचार करणे अवश्य आहे. कारण त्यांच्याशिवाय भोपाळात काय घडले नाही हे ध्यानात येणार नाही.

पहिले उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे निदान केले. त्यानंतर काही आठवड्यांतच वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, तिच्यालगतचा व्हरांडा, मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. (हे भवन राज्यपालांनी सोडले त्यामागेही एक रोगच होता. १८८० च्या दशकात तेथे एका राज्यपालांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले होते.) प्लेग संशोधन प्रयोगशाळा, मग १९०६ पासून मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा आणि १९२५ पासून हाफकिन संस्था, अशी तिची नामांतरे सर्वश्रुत आहेत.

परळचे यश निर्विवाद आहे. तथापि ते कोणत्या प्रकारचे यश होते, हे नीट पाहिले पाहिजे. परळची संस्था टिकली याचे मुख्य कारण असे की तिच्याजवळ देण्यासारखी वस्तू होती. लशीची कुपी मोजता येते, तिचा हिशेब मांडता येतो, ती आगगाडीने पाठविता येते आणि अंदाजपत्रकात दाखविता येते. अशी वस्तू हाती असली की शासनास संस्थेचे प्रयोजन वेगळे पटवून द्यावे लागत नाही. या बळात संकटही होते. १९०२ मध्ये पंजाबातील मोठी मागणी भागविण्यासाठी लस तयार करण्याच्या पद्धतीत बदल करण्यात आला आणि कार्बोलिक आम्ल वगळले गेले. त्याच वर्षी मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस टोचलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष परळच्या पद्धतीचा, की गावात बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. हाफकिन निलंबित झाले. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

याच्या उलट, प्लेग माणसास होतो कसा या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कुपीत मावणारे नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरील पिसवेचा संबंध प्रयोगाने दाखविला. पण त्यावर अनेक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. अखेर १९०५ पासून काम करणाऱ्या आयोगाने परळ हे केंद्र धरून प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवले, पिसवा मोजल्या, उंदरांची गणती केली आणि संशयास जागा उरू दिली नाही. हे काम निरीक्षणाचे होते, चिकाटीचे होते, आणि त्यातून विकण्याजोगे काहीही निघाले नाही. परळच्या इतिहासात या कामास लशीपेक्षा कमी जागा मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते संशोधनक्षमता या दृष्टीने ते अधिक मोलाचे होते.

दुसरे उदाहरण हिरोशिमाचे. १९४५ च्या ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशान्वये स्थापन झालेल्या अणुबाँबपीडित आयोगाचे काम १९४७ मध्ये हिरोशिमात सुरू झाले. या आयोगाविषयी हिरोशिमाच्या नागरिकांच्या मनात जो कडवटपणा साचला तो अकारण नव्हता. बाँब टाकणाऱ्या राष्ट्राचेच डॉक्टर तपासावयास येत. तपासत, रक्त घेत, नोंद करीत. परंतु उपचार करणे हे आपले काम नव्हे असे त्यांचे धोरण होते. २०१७ मध्ये उत्तराधिकारी संस्थेच्या प्रमुखांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, तेव्हा मधे सत्तर वर्षे लोटली होती. नैतिक दृष्ट्या या आयोगाचा कित्ता गिरवावा असे कोणी म्हणणार नाही.

आणि तरीही शास्त्रीय दृष्ट्या त्याने जे साधले ते असाधारण आहे. १९५० च्या जपानी जनगणनेस जोडून बाँबपीडितांची स्वतंत्र गणना झाली; तीत सुमारे २,८४,००० व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतून, व बाँब पडला तेव्हा शहरात नसलेल्या रहिवाशांतून, मिळून सुमारे १,२०,००० व्यक्तींचा समूह निश्चित करण्यात आला. या समूहातील माणूस जपानात कोठेही मरण पावला तरी त्या देशातील कुटुंबनोंदणीच्या पद्धतीमुळे त्याचा मृत्यू समजतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्रेची. स्फोटाच्या क्षणी तुम्ही कोठे होता, घरात की बाहेर, कोणत्या भिंतीआड, कोणत्या दिशेस तोंड करून, हे प्रश्न हजारो व्यक्तींना एकेक करून विचारण्यात आले. त्या उत्तरांवरून प्रत्येकास मिळालेल्या किरणोत्साराची मात्रा अंदाजिली गेली. पुढे १९५७, १९६५, १९८६ व २००२ या वर्षांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गणनापद्धतींनी ती मात्रा पुनःपुन्हा सुधारण्यात आली. गणना बदलली, माणसे व त्यांची जबानी तीच राहिली. रक्ताचा कर्करोग पहिल्या काही वर्षांत वाढलेला दिसला. इतर अवयवांचे कर्करोग दिसू लागावयास दशके लागली. समूह पाच किंवा दहा वर्षांनी बंद केला असता तर हे दुसरे सत्य कधीच हाती आले नसते. या पद्धतीचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. १९५० पूर्वी जे मरण पावले ते या हिशेबात नाहीत. म्हणजे हा वाचलेल्यांतील वाचलेल्यांचा अभ्यास आहे.

तो टिकला का? याचे उत्तर भाबडे नको. अणुशक्तीचा वापर करणाऱ्या राष्ट्रांना किरणोत्साराच्या धोक्याचे मोजमाप हवे होते आणि ते मोजमाप जगात दुसरीकडे कोठेही मिळणारे नव्हते. १९७५ मध्ये जपान व अमेरिका यांच्या समान सहभागाने संस्थेची पुनर्रचना झाली. परळजवळ कुपी होती. हिरोशिमाजवळ दोन शासनांना हवे असलेले ज्ञान होते.

आता भोपाळ. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट शहरावर पसरला. तत्काळ मृत्यूंचा शासकीय आकडा प्रारंभी २,२५९ होता. नुकसानभरपाईच्या ओघात तो पाच हजारांवर गेला, आणि बाधितांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक मान्य झाली. जगात या वायूचे मानवी शरीरावर होणारे दीर्घकालीन परिणाम कोणी अभ्यासले नव्हते. अभ्यासण्याची संधी, हा शब्द क्रूर असला तरी, फक्त भोपाळात होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हे ओळखले, ही गोष्ट तिच्या श्रेयाची आहे. काही दिवसांतच तिचे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. डॉ. हिरेश चंद्र यांनी गांधी मेडिकल कॉलेजात अहोरात्र शवविच्छेदने केली होती. त्यांचे निष्कर्ष व ऊतींचे नमुने हाती होते. भोपाळ वायुदुर्घटना संशोधन केंद्र स्थापन झाले आणि पुढील दहा वर्षांत वीसहून अधिक संशोधन-प्रकल्प हाती घेण्यात आले.

पहिली परीक्षा सोडियम थायोसल्फेटच्या प्रश्नावर झाली. शवांतील रक्त चेरीसारखे लाल आढळल्यामुळे सायनाइडसदृश विषबाधेचा तर्क पुढे आला होता. खरे औषध कोणास व नकली कोणास दिले जात आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांसही ठाऊक नसेल, अशा रीतीने १९८५ च्या आरंभी परिषदेने चाचणी घेतली. थायोसल्फेट दिल्यावर मूत्रातील थायोसायनेट वाढते व रुग्णांस आराम पडतो असे दिसले, आणि परिषदेने औषधाची शिफारस केली. शिफारस झाली, व्यापक प्रमाणावर औषधयोजना झाली नाही. स्वयंसेवी डॉक्टरांनी वस्तीत चालविलेल्या केंद्रावर जून १९८५ मध्ये पोलिसांनी छापा घातला, कार्यकर्त्यांना अटक केली, नोंदी नेल्या. औषध योग्य होते की नाही याविषयी वैद्यकीय मतभेद असू शकतात, आणि ते होते. परंतु येथे मतभेद प्रयोगाने मिटला नाही. तो पोलिसांनी मिटविला. संशोधनकेंद्राचे निष्कर्ष शहराच्या आरोग्यव्यवस्थेस बांधून ठेवीत नाहीत, हे सहा-सात महिन्यांतच स्पष्ट झाले. हिरोशिमात तपासणी होती आणि उपचार नव्हता. भोपाळात दोन्ही होते, पण ते एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसरी गोष्ट परिषदेच्या मुख्य अभ्यासाची. बाधित वस्त्यांतील ८०,०२१ व्यक्ती आणि तुलनेसाठी अबाधित भागातील १५,९३१ व्यक्ती, असा समूह नोंदण्यात आला. आपल्या देशात एवढ्या मोठ्या लोकसमूहाचा दीर्घकाल मागोवा घेण्याचे प्रयत्न फार थोडे झाले आहेत, आणि त्यासाठी घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्यांच्या श्रमाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु या समूहाची विभागणी कशी केली गेली ते पाहावे. ३ ते ६ डिसेंबर या चार दिवसांत कोणत्या वस्तीत किती मृत्यू झाले यावरून वस्त्या तीव्र, मध्यम व सौम्य अशा तीन वर्गांत घालण्यात आल्या. व्यक्तीचा वर्ग तिच्या वस्तीवरून ठरला. येथे तर्काचे एक वर्तुळ आहे. परिणामावरून कारणाचे माप घेतले, आणि मग त्या मापाने पुढचे परिणाम मोजले. शिवाय त्या रात्री एकाच चाळीतील एक माणूस ओले फडके तोंडाशी धरून दाराआड बसला, दुसरा वायूच्या दिशेनेच धावत सुटला. दोघांच्या फुप्फुसांत गेलेला वायू सारखा असणे शक्य नाही. तू त्या रात्री कोठे होतास, कोणीकडे पळालास, किती वेळ, हा प्रश्न हिरोशिमात मात्रेचा पाया झाला. भोपाळात वर्गवारी वस्तीच्या नकाशावर थांबली. अशा वर्गवारीत वर्गावर्गांतील फरक पुसट होतो आणि सौम्य वर्गातील खरोखरच जबर बाधा झालेली माणसे सरासरीत बुडून जातात. हा दोष केवळ शास्त्रीय नव्हता. ज्या शहरात बहुसंख्य दावेदार पुढे तात्पुरत्या इजेच्या वर्गात गणले गेले, तेथे ढोबळ वर्गवारीची किंमत संशोधकास नव्हे, रुग्णास मोजावी लागते.

त्या काळात अधिक चोख प्रश्न विचारणारे लोक नव्हते असे नाही. मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टरांनी, ज्यांत महाराष्ट्रातील कार्यकर्तेही होते, मार्च १९८५ मध्ये कारखान्यासमोरील जयप्रकाशनगर व दूरचे अण्णानगर यांची तुलना केली. साधने तुटपुंजी, कालावधी अल्प. पण फुप्फुसाखेरीज इतर तक्रारीही वास्तविक आहेत, मनाचे खेळ नव्हेत, हे त्यांनी दाखविले. दया वर्मा यांच्या पाहणीत कारखान्याच्या परिसरातील त्या वेळी गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांस जिवंत मूल झाले नाही असे आढळले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुबाधितांच्या फुप्फुसांची तपासणी करून आपली निरीक्षणे १९८५ मध्येच छापली. ही तिन्ही कामे लहान होती. तिन्ही लवकर प्रसिद्ध झाली. हा योगायोग मानता येत नाही. त्यांच्यावर सांभाळण्याजोगी मोठी संस्था नव्हती, आणि निष्कर्ष छापल्याने ज्याची पंचाईत होईल असा वरिष्ठही नव्हता.

परिषदेच्या समूह-अभ्यासाचे तसे झाले नाही. भारत सरकार व युनियन कार्बाइड यांच्यातील ४७ कोटी डॉलरांची तडजोड फेब्रुवारी १९८९ मध्ये झाली. १९८५ ते १९९४ या काळातील समूह-अभ्यासाचा समग्र अहवाल त्यानंतर दीड दशकाने, २००४ च्या सुमारास, प्रसिद्ध झाला. शवचिकित्सा व विषशास्त्र यांवरील समग्र अहवाल २०१० मध्ये. म्हणजे इजेची किंमत ठरली तेव्हा इजेचे माप लोकांपुढे नव्हते. संशोधकांनी ते मुद्दाम दडविले असा आरोप करण्याचे कारण नाही. प्रकल्पांच्या गतीने प्रकल्प चालले, एवढे म्हणणेही पुरेसे आहे. तथापि जो देश स्वतःच फिर्यादी झाला, आणि मग स्वतःच तडजोड करणारा पक्षही झाला, त्याच्या संशोधनकेंद्रास प्रत्येक निष्कर्ष हा पुरावा वाटू लागतो आणि प्रत्येक पुरावा अडचण. भोपाळच्या केंद्राजवळ देण्यासारखे जे होते ते विकत घेणारा कोणी नव्हता. हानी किती काळ टिकते, पुढल्या पिढीत उतरते की नाही, या ज्ञानाची निकड असलेले लोक जयप्रकाशनगरात राहत होते. अंदाजपत्रक करणारे नव्हे.

१९९४ मध्ये परिषदेने काम आवरते घेतले. पुढे मध्य प्रदेश शासनाच्या पुनर्वसन-अभ्यास केंद्राकडे समूह सोपविण्यात आला. २०१० पर्यंत ते केंद्र आजारांची व मृत्यूंची नोंद ठेवीत राहिले. पण दहा वर्षांत घडलेली संशोधकांची जुळणी त्याबरोबर सोपविली गेली नाही. स्थलांतर, मृत्यू व घरे पाडली जाणे यांमुळे समूह विरळ होत गेला. हिरोशिमात कर्करोगाचे दुसरे सत्य ज्या कालखंडात हाती आले, नेमक्या त्याच कालखंडात भोपाळची नोंद दुबळी झाली. न्यायालयाच्या आदेशातून उभे राहिलेले मोठे रुग्णालय २००० मध्ये सुरू झाले. त्याच्याजवळ इमारत होती, उपकरणे होती, रुग्णांचा अखंड ओघ होता. आणि नंतरच्या दशकात तेथील वायुपीडितांवर औषधकंपन्यांच्या चाचण्या झाल्याचे व संमतीविषयी प्रश्न उपस्थित झाल्याचे आपण वाचले. प्रश्नावाचून क्षमता असली की ती दुसऱ्याच्या प्रश्नाच्या उपयोगी पडते. २०१० मध्ये परिषदेने भोपाळात राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन केली. सोळा वर्षांनी परिषद पुन्हा त्याच प्रश्नाकडे आली, ही तिच्या पूर्वीच्या निर्णयावरील सर्वांत बोलकी टीका होय.

परिषदेने भोपाळातून अंग काढले त्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार उडाला. देशातील प्लेगाचा निश्चित निदान झालेला शेवटचा रुग्ण १९६६ मधला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे एक अनुमान मामल्याच्या बाबतीत मांडले गेले. ते अनुमानच आहे. पण मामल्याहून फार दूर नसलेल्या परळला ज्या रोगासाठी प्रयोगशाळा निघाली, तोच रोग अठ्ठ्याण्णव वर्षांनी आला तेव्हा तो प्लेगच आहे की नाही यावर देशात महिनोन्‌महिने वाद चालावा, ही घटना सामान्य नव्हे. तो वाद मिटविण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. व्ही. रामलिंगस्वामी होते, भोपाळ घडले तेव्हा वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालक तेच होते. दोन्ही वेळी देशास एका थोर माणसाचा आधार घ्यावा लागला. संस्थेने जी गोष्ट सहज करावयास हवी ती व्यक्तीस करावी लागते, तेव्हा संस्थेविषयीच काही सांगितले जात असते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. हिरोशिमास जपानची कुटुंबनोंदणी होती आणि अमेरिकेचा पैसा होता. भोपाळच्या झोपडवस्त्यांत ना एक, ना दुसरे. मग तुलना अन्याय्य नव्हे काय? पैशाचा मुद्दा मान्य आहे. नोंदणीचा तितकासा नाही. भोपाळात रेशनपत्रिका होत्या, दाव्यांचे अर्ज होते, रुग्णालयांचे केसपेपर होते. एका शहरातील लक्षावधी लोकांची एवढी कागदपत्रे क्वचितच गोळा झाली असतील. ती एकमेकांस जोडणे हे ज्याचे काम होते असा कोणी नव्हता. जोडणी हे संशोधन मानले गेले नाही. कारकुनी मानली गेली. परळच्या त्या एका कारकुनाची येथे आठवण होते.

२०२० च्या साथीनंतर क्षमतेची भाषा पुन्हा जोरात आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत करोनाची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतच होत असे. काही महिन्यांत तशा प्रयोगशाळा हजारांवर गेल्या. हा वेग अभिमानास्पद आहे, आणि तो कुपीच्या जातीचा आहे. त्या साथीत बरे झालेल्या एखाद्या तालुक्यातील सर्व माणसांची नावे आज कोणाजवळ आहेत, आणि वीस वर्षांनी कोणाजवळ असतील, हा प्रश्न वेगळा.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास प्रबंधासाठी विषय हवा असल्यास भोपाळात तो आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचे व प्रत्येकास आरोग्यपुस्तिका देण्याचे निर्देश दिले. १९८५ च्या समूहातील ८०,०२१ क्रमांक, दाव्यांचे अर्ज आणि या नव्या नोंदी यांची सांधजोड कितपत होऊ शकते, किती नावे जुळतात, किती स्त्रिया लग्नानंतरच्या नावामुळे हरवतात, तुलनेच्या गटातील १५,९३१ पैकी किती जण सापडतात, हे तपासणे एका माणसाच्या तीन वर्षांच्या कामात बसण्यासारखे आहे. त्यासाठी उर्दू व हिंदी हस्तलिखित वाचता येणे, आणि वस्तीतील वृद्ध स्त्रियांशी दीर्घ काळ बोलण्याची तयारी असणे, या दोन अटी आहेत. प्रयोगशाळा लागणार नाही.